दहा सेंटांचा कैवारी

एप्रिल 1938 मध्ये अमेरिकेतल्या पेपर स्टॉलवर ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ नावाचं एक नवं मासिक आलं. पानं 64, किंमत 10 सेंट. अंकावर महिना मात्र जूनचा होता; विक्रेत्यानं अंक शिळा समजून लवकर परत धाडू नये म्हणून पुढचा महिना छापायची तिकडे रीत होती. मुखपृष्ठावर निळे तंग कपडे आणि लाल केप घातलेला एक गडी हिरवी मोटार दोन्ही हातांनी उचलून खडकावर आपटतो आहे. मोटारीचे सुटे भाग उडताहेत. पुढच्या कोपऱ्यात एक माणूस दोन्ही हातांनी डोकं गच्च धरून, डोळे विस्फारून चित्राबाहेर पळत सुटला आहे. हा केपवाला कोण, मोटार का फोडतो, तो सज्जन की दरोडेखोर, याचा मुखपृष्ठावर एका शब्दानंही खुलासा नाही.

आत मात्र सगळी जत्रा होती. पहिली 13 पानं या केपवाल्या सुपरमॅनची. त्यामागे चक डॉसन नावाचा काउबॉय. मग झटारा हा जादूगार, त्याला तब्बल 12 पानं. दक्षिण समुद्रातली दोन पानांची गद्य गोष्ट. पोलिसांच्या हातावर तुरी देणारा एक भुरटा चोर. मार्को पोलोचा प्रवास. पेप मॉर्गन हा मुष्टियोद्धा, स्कूप स्कॅनलन हा बातमीदार आणि शेवटाकडे टेक्स थॉम्सन हा भटका साहसवीर, पुन्हा 12 पानं. यांपैकी कोण चालेल आणि कोण पडेल, हे छापणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. दिवाळी अंक वाचणाऱ्या माणसाला हा प्रकार चांगला कळेल: संपादक दहा जणांचं लेखन एकत्र बांधतो आणि वाचक त्यातला आपला माणूस शोधून काढतो.

सुपरमॅनवर आजवर ढिगानं लिहिलं गेलं आहे. पण तो या जत्रेत उभा होता, ही गोष्ट त्यातून बहुतेकदा निसटते. तो पूर्ण अंक वाचला की दिसणारा सुपरमॅन सिनेमातल्या सुपरमॅनपेक्षा फार वेगळा आहे. तो रागावलेला आहे, घाईत आहे, आणि त्याचं भांडण परग्रहावरच्या राक्षसांशी नाही. घरमालक, खाणमालक, शस्त्रांचे व्यापारी आणि लाचखाऊ सिनेटर यांच्याशी आहे.

या मासिकांचा आकार कागदाच्या घडीतून ठरला. कनेक्टिकट राज्यातल्या वॉटरबरीमध्ये ईस्टर्न कलर प्रिंटिंग नावाचा छापखाना होता. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या रंगीत चित्रपुरवण्या तिथे छापल्या जात. टॅब्लॉइड आकाराचा तोच कागद आणखी एकदा मधोमध दुमडला, तर हातात मावेल असं पुस्तक होतं, ही कल्पना तिथल्या लोकांना सुचली. 1933 मध्ये ‘फनीज ऑन परेड’ हे जाहिरातीसाठी फुकट वाटायचं पुस्तक निघालं; 1934 मध्ये ‘फेमस फनीज’ 10 सेंटांना स्टॉलवर आलं आणि खपलं. या पुस्तकांत वर्तमानपत्रांत येऊन गेलेल्याच चित्रमालिका असत. त्या मालिकांचे हक्क विकत घ्यावे लागत आणि लोकप्रिय मालिका हां हां म्हणता इतर प्रकाशकांनी पटकावल्या.

मग घोडदळातून बाहेर पडलेले मेजर माल्कम व्हीलर-निकल्सन यांनी 1935 मध्ये ‘न्यू फन’ काढलं आणि त्यात सगळा मजकूर नवा घेतला. नवा मजकूर घेण्यात धाडस होतं, तशी काटकसरही होती. मंदीचे दिवस. चित्रं काढू शकणारी, नोकरी नसलेली पोरं पानाला 5-10 डॉलरांत मिळत. त्यांतली पुष्कळशी पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतली होती. जाहिरात कंपन्यांची आणि बड्या मासिकांची दारं त्यांना सहसा उघडत नसत. मेजरसाहेब कर्जात बुडाले आणि 1938 पर्यंत त्यांचा धंदा हॅरी डोनेनफेल्ड आणि जॅक लीबोविट्झ या दोघांच्या हातात गेला. त्यांनी काढलेलं नवं मासिक म्हणजे ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’. त्यातली ती दोन पानी गद्य गोष्टसुद्धा हिशेबानंच आली होती. टपाल खात्याची मासिकांसाठीची सवलत हवी असेल तर अंकात थोडा तरी निव्वळ वाचायचा मजकूर असावा लागे. मुलं ही पानं बहुधा उलटून पुढे जात.

ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडमध्ये ग्लेनव्हिल हायस्कूलला जेरी सीगल आणि जो शूस्टर हे दोघे मित्र होते. दोघांचा जन्म 1914 चा. शूस्टर मूळचा टोरांटोचा. सीगल लिहायचा, शूस्टर काढायचा. शूस्टरची नजर अधू होती, कागदाजवळ नाक नेऊन तो काम करी. चित्रकाराचं टेबल परवडत नव्हतं म्हणून आईची पाव मळायची फळी तो वापरत असे. कागद म्हणून सामान बांधायचा तपकिरी कागद आणि उरलेल्या वॉलपेपरची पाठ. 1932 मध्ये सीगलच्या वडिलांच्या कपड्यांच्या दुकानात चोर शिरले आणि त्या प्रसंगातच वडील कोसळून गेले. गोळी न लागणारा नायक सुचण्यामागे हा घाव असावा, असं काही अभ्यासक मानतात. सीगल स्वतः जाहीरपणे त्यावर बोलला नाही. मला वाटतं, एवढं एक कारण शोधायची गरज नाही. बंद पडलेले कारखाने आणि रांगेत उभी असलेली माणसं त्या पोरांना खिडकीतून दिसत होती.

1933 च्या जानेवारीत सीगलनं स्वतःच्या सायक्लोस्टाइल मासिकात ‘सुपर-मॅन’ नावाच्या माणसाची गोष्ट लिहिली होती. तो खलनायक होता. पुढे तो नायक झाला आणि दोघांनी वर्तमानपत्रासाठी रोजची चित्रमालिका तयार केली. ती एकामागून एक वितरकांनी नाकारली. त्याआधीच्या एका पुस्तकासाठीची पानं शूस्टरनं निराश होऊन जाळली होती. सीगलनं त्यातून मुखपृष्ठ तेवढं वाचवलं. चार-पाच वर्षं हे बाड या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिलं. मॅक्लुअर सिंडिकेटमधल्या शेल्डन मेयर या तरुण संपादकाला ते आवडलं होतं, पण तिथेही काम झालं नाही. नव्या मासिकाला पानं कमी पडत असताना ते अखेर संपादक व्हिन सलिव्हनकडे पोचलं. त्यानं सांगितलं: 13 पानं करून द्या, लवकर.

आता त्या 13 पानांकडे जवळून बघू या, कारण घाईच्या खुणा तिथे कागदावर उमटलेल्या आहेत. मालिका वर्तमानपत्राच्या आडव्या पट्ट्यांसाठी काढलेली होती. दोघांनी पट्ट्या कात्रीनं कापल्या आणि उभ्या पानावर चिकटवल्या. चौकट मोठी पडली तिथे छाटली, लहान पडली तिथे कडेला थोडं चित्र वाढवलं. सुरुवातीचा भाग बसेना म्हणून तो सरळ काढून टाकला. नायकाची जन्मकथा एका पानात उरकली: एक दूरचा ग्रह, तो नष्ट होताना यानातून धाडलेलं बाळ, वाटेनं जाणाऱ्या मोटारवाल्याला ते सापडणं. ग्रहाचं क्रिप्टन हे नाव तिथे नाही, बाळाला वाढवणारं केंट दांपत्यही नाही. मूल अनाथाश्रमात वाढतं. तो उडत नाही. फर्लांगभराची उडी मारतो, आगगाडीपेक्षा जोरात धावतो, आणि फुटणाऱ्या तोफगोळ्याहून कमी कशानं त्याची कातडी फाटत नाही. एवढी ताकद कशी, हे पटवायला मुंगी आणि टोळ यांचे दाखले दिले आहेत.

दुसऱ्या पानावर गोष्ट थेट मध्यातून सुरू होते. रात्र आहे, सुपरमॅन एका बांधलेल्या बाईला काखेत मारून उड्या टाकत चालला आहे. ही बाई कोण, ते आधी कळत नाही, कारण कळण्याचा भाग कात्रीखाली गेला. तो राज्यपालांच्या बंगल्यावर येतो, बाईला हिरवळीवर सोडतो. नोकर दार उघडेना म्हणून दारच उखडतो. राज्यपालांच्या शयनगृहाचं दार पोलादी, तेही फोडतो. एव्हलिन करी नावाच्या निर्दोष स्त्रीला मध्यरात्री विजेच्या खुर्चीत बसवणार आहेत, खरी गुन्हेगार बाहेर अंगणात बांधून ठेवली आहे, हे कबुलीजबाबाचं पत्र. घड्याळात काही मिनिटं उरली आहेत. राज्यपाल फोन उचलतात.

यानंतर दम घ्यायला सवड नाही. दुसऱ्या दिवशी बातमीदार क्लार्क केंट, म्हणजे साध्या वेषातला सुपरमॅन, कचेरीत. बायकोला मारहाण चालल्याची खबर येते. सुपरमॅन त्या नवऱ्याला भिंतीवर आपटतो, नवरा सुरा काढतो, सुरा कातडीवर मोडतो आणि नवरा बेशुद्ध. मग सहकारी बातमीदार लोइस लेनसोबत नाचाची संध्याकाळ. बुच मॅटसन नावाचा गुंड दांडगाई करतो, क्लार्क भेकडाचं सोंग घेतो आणि लोइस स्वतः बुचच्या थोबाडीत ठेवून देते. गुंड तिला मोटारीतून पळवतात. मुखपृष्ठावरची मोटार ती हीच. बुचला सुपरमॅन विजेच्या खांबावर लटकवतो. शेवटी वॉशिंग्टन: एक सिनेटर आणि एक दलाल मिळून देशाला युरोपातल्या युद्धात ओढणारं विधेयक पुढे रेटताहेत. दलालाला उचलून सुपरमॅन टेलिफोनच्या तारांवरून धावतो, इमारतीवरून उडी घेतो, आणि गोष्ट तिथेच हवेत संपते. पुढचं पुढच्या अंकात.

13 पानांत चार प्रकरणं. मांडणी ओबडधोबड आहे, शूस्टरची रेषा कच्ची आहे, चेहरे दोन ठिपक्यांत आणि एका रेघेत उरकलेले आहेत. तरीही मला ही पानं नंतरच्या कितीतरी रेखीव पानांपेक्षा आवडतात. अन्याय दिसला की मध्ये एकही चौकट वाया न घालवता माणूस तिथे पोचलेला असतो. पहिल्याच पानावर त्याला दीनदुबळ्यांचा कैवारी म्हटलं आहे आणि गोष्ट ते शब्द पाळते.

पुढचे अंक तर आणखी पुढे जातात. दुसऱ्या अंकात शस्त्रं विकणाऱ्या कारखानदाराला सुपरमॅन स्वतः सैनिक म्हणून आघाडीवर नेऊन उभं करतो, आणि लढणाऱ्या दोन सेनापतींना समोरासमोर आणून विचारतो की लढता कशासाठी. दोघांनाही सांगता येत नाही. तिसऱ्या अंकात खाणीत मजूर अपंग होतो. मालक नुकसानभरपाई टाळतो. सुपरमॅन मजुराच्या वेषात येतो आणि मेजवानीच्या कपड्यातल्या मालकाला आणि त्याच्या पाहुण्यांना खाणीत उतरवून दरड पाडतो. हातात फावडं आल्यावर मालकाला खाण म्हणजे काय ते कळतं. आठव्या अंकात, 1939 च्या जानेवारीत, झोपडवस्तीतली पोरं गुन्हेगारीकडे का वळतात हे पाहून तो अख्खी वस्ती पाडतो, म्हणजे सरकारला तिथे चांगली घरं बांधून द्यावीच लागतील. बाराव्या अंकात बेदरकार मोटारचालकांवर आणि कच्च्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यावर हल्ला. कायद्याचं भान त्याला फारसं नाही. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ या मदत-योजनांच्या काळातल्या तरुणांना सरकारकडून जे हवं होतं, ते हा गडी मुठीनं करून घेतो.

या अंकातल्या इतरांचं काय झालं, तेही सांगायला हवं. फ्रेड गार्डिनीरनं काढलेला झटारा टोपी, टेलकोट, बारीक मिशी आणि धिप्पाड सोबती अशा थाटात येतो. हे रूप मराठी वाचकाला पाहताक्षणी ओळखीचं वाटेल. ली फॉकचा मॅन्ड्रेक 1934 पासून अमेरिकन वर्तमानपत्रांत होता आणि झटारा उघडउघड त्याच्यावर बेतलेला. फॉकचाच फॅंटम 1936 मधला. अंगाला चिकटलेला पोशाख नि डोळ्यांवर मुखवटा त्याच्याकडे सुपरमॅनच्या आधी होता. पुढे 1964 पासून टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजाल कॉमिक्समधून हे दोघे मराठीतही आले. त्यामुळे महाराष्ट्रातल्या एका पिढीला सुपरमॅनपेक्षा वेताळ, म्हणजे फॅंटम, जवळचा वाटला. त्या मासिकातही मुख्य गोष्टीमागे छोट्या चित्रमालिका आणि माहितीची पानं असत, आणि 1976 मध्ये आबिद सुरतींचा बहादूर तिथेच जन्मला. असा मिश्र मजकुराचा अंक नव्या पात्राला जागा देतो. एकाच नायकाच्या नावानं चालणाऱ्या मासिकात अनोळखी पात्राला दार सापडणं कठीण.

टेक्स थॉम्सनला पुढे मुखवटा चढवून ‘मिस्टर अमेरिका’ करण्यात आलं. लोकांना आता पोशाखवालेच हवे होते. चक डॉसन, पेप मॉर्गन, स्कूप स्कॅनलन हळूहळू मिटले. झटारा टिकला, 1964 मध्ये त्याची मुलगी झटाना आली आणि ती आज बापापेक्षा प्रसिद्ध आहे.

मालकांना मात्र सुपरमॅन लगेच उमगला नाही. मोटार उचलणारा माणूस हास्यास्पद आहे असं डोनेनफेल्ड यांना वाटलं, असं सांगतात. दुसऱ्या ते सहाव्या अंकाच्या मुखपृष्ठावर सुपरमॅन नाही. मग लक्षात आलं की पोरं स्टॉलवर मासिकाचं नाव न घेता ‘सुपरमॅनवालं’ मागतात. सातव्या अंकावर तो परतला, एकोणिसाव्यापासून कायमचा बसला. पहिला अंक सुमारे 2 लाख छापला होता. थोड्याच काळात खप 5 लाखांच्या घरात गेला. 1939 च्या उन्हाळ्यात त्याच्या एकट्याच्या नावाचं मासिक निघालं आणि पहिल्या गोष्टीतला कापलेला भाग तिथे एकदाचा छापून आला. मे 1939 मध्ये ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या 27 व्या अंकात बॅटमॅन आला, तोही अशाच एका मिश्र अंकाच्या पोटात. वंडर वुमन 1941 च्या अखेरीला ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या आठव्या अंकात मागच्या बाजूला उगवली.

या सगळ्याचा आर्थिक पाया एका चेकमध्ये आहे. 1 मार्च 1938 चा चेक, 412 डॉलरचा, सीगल आणि शूस्टर यांच्या नावे. नावं लिहिताना दोघांचीही आडनावं चुकवली आहेत, म्हणून पाठीमागे दोघांना दोनदा सह्या कराव्या लागल्या. यातले 130 डॉलर सुपरमॅनचे: 13 पानं, पानाला 10. बाकीची रक्कम इतर मासिकांतल्या कामाची. 130 डॉलरांच्या बदल्यात पात्राचे सर्व हक्क कायमचे कंपनीकडे गेले. तेव्हा दोघेही 23 वर्षांचे होते, पाच वर्षं नकार ऐकून थकलेले होते, आणि अशा कागदावर सही करणं हा धंद्याचा रिवाज होता. पुढे काही वर्षं त्यांना पानामागे बरी मिळकत झाली. पण चित्रपट, रेडिओ, खेळणी यांतून येणाऱ्या पैशाच्या मानानं ती नगण्य.

1943 मध्ये सीगल सैन्यात गेला. तो तिथे असतानाच कंपनीनं ‘सुपरबॉय’ छापायला सुरुवात केली. ही कल्पना त्यानं स्वतः आधी मांडली होती. 1947 मध्ये दोघे कोर्टात गेले. 1948 मध्ये सुमारे 94 हजार डॉलरांवर तडजोड झाली, बरेचसे पैसे वकिलांकडे गेले आणि गोष्टींवरून त्यांची नावं पुसली गेली. 1975 मध्ये वॉर्नर ब्रदर्स मोठा सुपरमॅन चित्रपट काढणार अशी बातमी आली, तेव्हा सीगल लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करत होता. शूस्टर जवळपास आंधळा झाला होता आणि भावाच्या आधारानं न्यूयॉर्कमध्ये राहत होता. सीगलनं वर्तमानपत्रांना पत्रं धाडली. नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी आवाज उठवला. डिसेंबरमध्ये कंपनीनं दोघांना वर्षाला प्रत्येकी 20 हजार डॉलर आणि श्रेयाची ओळ द्यायचं मान्य केलं. शूस्टर 1992 मध्ये गेला, सीगल 1996 मध्ये. तो चेक 2012 मध्ये लिलावात 1 लाख 60 हजार डॉलरांना विकला गेला.

नुकसानभरपाई टाळणाऱ्या मालकाला खाणीत उतरवणारी गोष्ट याच दोघांनी लिहिली-काढली होती, हे आठवलं की संताप होतो. तो व्यक्त करायला मला संकोच वाटत नाही.

सुपरमॅनचा राग मात्र त्यांच्या हयातीतच निवत गेला. पात्र मोठा उद्योग झाल्यावर संपादकांनी नियम घातले: कुणाला जिवे मारायचं नाही, कायदा हातात घ्यायचा नाही. युद्धात तो सरकारचा प्रचारक झाला. उडायलाही लागला, 1941 च्या फ्लायशर स्टुडिओच्या कार्टूनपटांत उड्यांपेक्षा उडणं बरं दिसलं, हे त्यातलं एक कारण. 1954 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचं पुस्तक, सिनेटची चौकशी आणि मग प्रकाशकांनी स्वतःच लावून घेतलेली ‘कॉमिक्स कोड’ ही सेन्सॉरशिप आली. भ्रष्ट सरकारी अधिकारी चितारणं त्यानंतर जवळजवळ अशक्य झालं.

पहिल्या अंकाच्या 2 लाख प्रतींपैकी आज अंदाजे 100 उरल्या असाव्यात. वर्तमानपत्री कागद आम्लयुक्त, तो आपोआप पिवळा पडून ठिसूळ होतो. मुलांनी प्रती वाचून फाडल्या, आयांनी रद्दीत दिल्या, युद्धकाळात कागद गोळा करण्याच्या मोहिमेत गठ्ठेच्या गठ्ठे गेले. आता उरलेल्या प्रती तज्ज्ञांकडून गुण लावून कडक प्लॅस्टिकमध्ये कायमच्या बंद केल्या जातात. अशी एक प्रत 2024 मध्ये 60 लाख डॉलरांना गेली. तिचं मुखपृष्ठ दिसतं. आतला चक डॉसन कुणी वाचू शकत नाही. मला हे खटकतं. 1974 मध्ये प्रकाशकांनी या अंकाची मोठ्या आकाराची पुनर्मुद्रित आवृत्ती 1 डॉलरला काढली होती. काही ठगांनी तिचं बाहेरचं वेष्टन काढून आतला भाग अस्सल म्हणून खपवला. मूळ अंक बराच लहान आहे, त्यामुळे फूटपट्टी लावली की लबाडी उघडी पडते. पण त्या आवृत्तीमुळेच जाहिरातींसकट, झटारासकट, टेक्स थॉम्सनसकट तो अंक साध्या वाचकाच्या हाती पुन्हा आला.

अमेरिकन कायद्याप्रमाणे 1938 च्या प्रकाशनांचे हक्क 95 वर्षांनी संपतात. म्हणजे 1 जानेवारी 2034 पासून तिथे हा अंक सर्वांचा होईल. मोकळा होणारा सुपरमॅन अनाथाश्रमात वाढलेला असेल. त्याला उडता येणार नाही, क्रिप्टोनाइट आणि लेक्स लूथर ही नंतरची भर त्याच्याजवळ नसेल, आणि त्याच्या नावावर कंपनीचा ट्रेडमार्क तेव्हाही असेल. आपल्याकडच्या एखाद्या प्रकाशकानं कायद्याची बाजू नीट तपासून तेव्हा हा अंक मराठीत काढावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. फक्त ती 13 पानं नकोत. सगळी 64 काढावीत, त्या दोन पानांच्या गद्य गोष्टीसकट.